राहून गेलेला प्रश्न

ताईंच्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. कामावर आठ तास त्या खुर्चीला खिळलेल्या असत, पण घरी आल्या की बूड म्हणून टेकत नसत. उभ्यानेच दोन घास, तेवढ्यात गॅस बंद आहे का बघून येणं, तेवढ्यात गच्चीचं दार, तेवढ्यात परगावी नोकरीला असलेल्या लेकीला फोन. लेकीने फोन उचलला नाही की पाच मिनिटांनी पुन्हा, मग तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला.

"काकू, ती अंघोळीला गेलीय," मैत्रीण सांगायची.

"नक्की ना? तू बघितलंस जाताना?"

प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची ही खोडही त्यातलीच. त्यांचा नवरा शिंपी होता. गिऱ्हाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर दूध घेऊन आले की ताई विचारत, "कुठल्या दुकानातून? कोपऱ्यावरच्या की त्याच्या पुढच्या?" मास्तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "अगं, दूध प्यायचंय. त्याची सोयरीक जुळवायची नाहीये." ताई हसत नसत. त्या पुन्हा विचारत.

त्या अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेत. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला कळा सुरू झाल्या, की तो फोन ताईंच्या कानात वाजे. पत्ता विचारून घ्यायचा, जवळची गाडी पाठवायची आणि गाडी पोचेपर्यंत पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं. एकोणीस वर्षांची नोकरी. नवीन मुलींना त्यांच्या शेजारी बसवत. "ताईंचं ऐका, त्यांचा आवाज कधी चढत नाही," असं साहेब सांगत. आवाज चढत नव्हता हे खरं. आत काय चाललंय ते हेडफोनमधून कुणाला ऐकू जात नाही.

रविवारी चर्चमध्येही तीच धावपळ. खुर्च्या मांडणं, गीतांची पुस्तकं वाटणं, आजारी माणसांची यादी, महिला मंडळ, किल्ल्या. उपासना सुरू झाली की सगळे बसत, ताई मागच्या दाराशी उभ्या. पाळक कौतुकाने म्हणत, "मंडळीचा अर्धा भार ताईंच्या खांद्यावर आहे." ताईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून हे ऐकत आणि तोंड वाकडं करत. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई, पण सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येई.

प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, तेव्हा ताई उघडे ठेवत. छताला सहा पंखे होते, प्रत्येकाला तीन पाती. अठरा पाती मोजून होईपर्यंत 'आमेन' येई. मोजायचं कारण एवढंच की डोळे मिटले की त्यांना एक आवाज ऐकू यायचा. चार वर्षं झाली होती.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी पावणेतीनच्या सुमाराला फोन वाजला होता. पुरुषाचा आवाज, जाडसर, थोडा घोगरा. "म्हणजे बघा, माझी बायको पडलीय. म्हणजे बघा, ती डोळे उघडतेय पण बोलत नाहीये." ताईंनी पत्ता विचारला. तो म्हणाला, "शाळेच्या मागची गल्ली, तिसरं घर." त्यांनी संगणकात शाळा शोधली, पहिलं नाव आलं त्यावर बोट दाबलं आणि गाडी सोडली. मग त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. तिला कुशीवर वळवा. मान सरळ ठेवा. हात धरा तिचा, मी इथंच आहे.

गावात शाळा दोन होत्या. एक जुनी, एक नवी. गाडी गेली नव्या शाळेच्या मागे. सहा मिनिटांत पोचायची ती एकोणीस मिनिटांनी पोचली. बाईने दवाखान्याच्या वाटेवरच प्राण सोडला.

चौकशी झाली. तिघांनी बसून फोनची नोंद तीनदा ऐकली. फोन करणाऱ्याने शाळेचं नाव सांगितलं नव्हतं, ऑपरेटरने शांतपणे काम केलं, ऑपरेटरची चूक नाही, असं लिहून फाईल बंद झाली. डॉक्टरांना विचारलं, गाडी वेळेवर पोचली असती तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

पण त्या नोंदीत एक गोष्ट नव्हती. 'शाळेच्या मागची गल्ली' हे शब्द कानावर पडत होते, नेमक्या त्याच क्षणी ताईंच्या मांडीवरचा मोबाईल उजळला होता आणि त्यांनी खाली बघितलं होतं. लेकीचा संदेश होता. 'आई, निकाल लागला, पास!' दोन सेकंद, फार तर तीन. एरवी त्यांनी डोळे झाकूनही विचारलं असतं, 'जुनी की नवी?' त्या दिवशी ओठांवर हसू होतं आणि तो प्रश्न राहून गेला. मोबाईलचा आवाज बंद होता, म्हणून नोंदीत काही आलं नाही. ताई मूग गिळून बसल्या. घरी सांगितलं नाही, ऑफिसात नाही, चर्चमध्ये तर नाहीच. सगळे म्हणाले, तुझी चूक नाही, आणि त्या म्हणाल्या, हो. त्यानंतर त्यांना बसवेना.

मग चार वर्षांनी चर्चची फरशी खचायला लागली. मधल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उपासनेच्या ऐन भरात खुर्चीसकट कलंडले, तेव्हा मंडळीने ठरवलं की सगळीच फरशी नवी घालायची. खुर्च्या मागच्या खोलीत रचल्या, जुनी फरशी उखडून झाली. पाळकांनी कुणाच्या तरी ओळखीने एक फरशीवाला ठरवला. ताईंची त्या महिन्यात दुपारी दोनची पाळी होती, त्यामुळे सकाळी चर्च उघडून द्यायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं आणि त्या मागच्या खोलीत पुस्तकांवर चादर घालायला गेल्या. बाहेर सामान उतरवल्याचा आवाज आला. वाळू, पोती, बादल्या. मग कुणीतरी हॉलमधून हाक दिली.

"बाई, जरा पाण्याचा नळ कुठंय? म्हणजे बघा, आधी जमीन भिजवून घ्यावी लागेल."

ताईंनी तो आवाज ओळखला. चादर हातातच राहिली. चार वर्षं रोज ऐकलेला आवाज त्या विसरतील कशा? तो भिंतीपलीकडून, भर सकाळी, पाण्याचा नळ विचारत होता.

"मागच्या बाजूला," त्या आतूनच म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की तोही आपला आवाज ओळखेल. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. बसस्टॉपपर्यंत त्या जवळजवळ पळत गेल्या.

पुढचे पाच दिवस ताईंनी काय काय सोंगं केली ते त्यांनाच ठाऊक. कुलूप काढायचं आणि तो यायच्या आत निघून जायचं. किल्ली शेजारच्या दुकानात ठेवायची. एकदा समोरासमोर आलेच तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं नाटक केलं, नुसत्या मान हलवत राहिल्या. फरशीवाला पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता, गुडघ्यांना जाड रबराच्या गाद्या बांधलेला. त्याने काळजीने सांगितलं, "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा." त्या चांगुलपणाने ताईंना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं. कामावर प्रत्येक फोन त्याचाच वाटे. एका माणसाला त्यांनी पत्ता चारदा विचारला, तेव्हा तो ओरडला, "बाई, माझा बाप मरतोय इथे, तुम्हाला काय पाठ करायचाय का पत्ता?" घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. मास्तर मुकाट्याने जेवले आणि मग तांब्याभर पाणी प्यायले. सासूबाई मुकाट्याने जेवणाऱ्यातल्या नव्हत्या.

"काय होतंय तुला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही तर समुद्र का ओतलास भाजीत?"

ताई भांडी उचलायला लागल्या. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात अजून चांगला जोर होता.

"बस. बस म्हणते ना. मला सांग, तू देवाकडे प्रार्थना करतेस की हजेरी घेतेस? मी बघते ना मागे वळून. सगळ्यांचे डोळे मिटलेले, तुझे सताड उघडे."

"मग तुमचेही उघडेच असतात म्हणायचे."

"माझं वय झालंय, मला चालतं," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझं बघवत नाही मला. दर रविवारी ओझं प्रभूच्या पायाशी ठेवतेस म्हणतेस, आणि निघताना छत्री विसरू नये तसं आठवणीने परत उचलून आणतेस. एकदा तरी विसरून ये की गं."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हात सोडवून मोरीकडे गेल्या. त्यांना वाटलं, आईंना काय सांगू? ओझं उतरवायचं तर ते आधी उघडून दाखवावं लागतं. माझी चूक नाही, असं चार वर्षं सगळ्यांनी म्हटलंय. ज्याची चूकच नाही त्याला माफी कोण देणार? देव तरी काय माफ करणार, मी मागितलीच नाही तर?

सातव्या दिवशी त्या चर्चमध्ये गेल्या आणि थांबल्या.

हॉलचा निम्मा भाग झाला होता. ओल्या सिमेंटचा वास येत होता. फरशीवाला दोरी ताणून तिच्या कडेने फरशी बसवत होता आणि रबरी हातोड्याने टपटप ठोकत होता. ताई दाराशी उभ्या राहिल्या. आवाज दाबायचा नाही असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"दादा, तुमच्याशी बोलायचंय."

हातोडा थांबला. त्याने मान वर केली नाही. नुसताच ऐकत राहिला, जणू त्याच्याशी बोलणारं माणूस त्या खोलीत नव्हतंच.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही अँब्युलन्सला फोन केला होता. तो मी घेतला होता."

तो सावकाश उठला. गुडघ्यांना हात लावून, वयस्क माणूस उठतो तसा. "हात धरा म्हणाला होतात," तो म्हणाला. "तो आवाज. म्हणजे बघा, मी किती दिवस विचार केला, कोण असेल ती बाई."

त्याचा चेहरा मऊ झाला होता. इथे थांबता आलं असतं. तो आभार मानणार हे ताईंना दिसत होतं आणि तेच त्यांना सोसवलं नसतं.

"थांबा, आधी ऐका," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. मांडीवरचा मोबाईल. लेकीचा निकाल. ओठांवरचं हसू. विचारायचा राहिलेला प्रश्न. चौकशीत न सांगितलेली गोष्ट. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चढला, फाटला, आणि शेवटी बसला.

फरशीवाला बादलीकडे वळला. त्याने हातातली थापी बादलीच्या पाण्यात धुतली, फडक्याने पुसली. गुडघ्याच्या गाद्या सोडल्या. दोरी तशीच ताणलेली ठेवून, कालवलेलं सिमेंट घमेल्यात तसंच ठेवून, तो ताईंच्या शेजारून बाहेर निघून गेला. फाटक उघडं राहिलं.

त्या दिवशी ताई कामावर गेल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी मास्तरांना आणि सासूबाईंना समोर बसवलं आणि तेच सगळं परत सांगितलं. मास्तरांच्या हातात कुणाचा तरी शर्ट होता. ते बराच वेळ एकाच काजाकडे बघत राहिले.

"चार वर्षं," ते शेवटी म्हणाले. "आणि मी दुधावरून चेष्टा करत बसलो."

सासूबाई म्हणाल्या, "आता?"

"आता माहीत नाही."

फरशीवाला दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाळकांनी फोन केला तर उचलेना. "चांगला माणूस वाटला होता हो," ते हळहळले. तेव्हा ताईंनी त्यांनाही खरं कारण सांगितलं. पाळक एरवी कुठल्याही प्रसंगी चार वाक्यं बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी नुसते हात जोडले. मग म्हणाले, "प्रभूजवळ बसा, ताई. काही करायला जाऊ नका. नुसत्या बसा."

बसा! बसता येत असतं तर आणखी काय हवं होतं?

शनिवारी सकाळी त्या चर्चमध्ये गेल्या त्या मुळात झाडू घेऊन. निम्मा हॉल नव्या फरशीचा, निम्मा उघड्या जमिनीचा. झाडून धूळ इकडची तिकडे झाली, एवढंच. खुर्च्या मागच्या खोलीत, पुस्तकं चादरीखाली. मांडायला काही नव्हतं, वाटायला काही नव्हतं. मोजायला पंख्यांची पातीही नव्हती, धूळ बसू नये म्हणून ती काढून ठेवली होती. घमेल्यातलं सिमेंट दगड झालं होतं. त्याने ताणलेली दोरी तेवढी जमिनीपासून चार बोटं वर अजून तशीच होती. ती ओलांडून पलीकडे जायचं ताईंना धाडस झालं नाही. भिंतीकडेला रिकाम्या पोत्यांची चळत होती. त्या तिच्यावर बसल्या.

बसल्याबरोबर प्रश्न सुरू झाले. गॅस बंद केला का? लेकीचा सकाळपासून फोन नाही. तो माणूस कुठे असेल? त्याने स्वतःचं काही बरंवाईट तर केलं नसेल? आपण सांगितलं ते त्याच्यासाठी की स्वतःची सुटका करून घ्यायला? त्या दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. बाहेर कुणीतरी बंद पडलेल्या स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होईना.

मग त्यांनी डोळे मिटले. आवाज आलाच. म्हणजे बघा, ती बोलत नाहीये. एरवी त्या इथून पळत. आज पळायला जागाच नव्हती. त्यांनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला, शाळेच्या मागची गल्ली, तिसरं घर, आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, मी खाली बघितलं. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी आहे."

बस, एवढंच. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. आजवर शेकडो प्रार्थना त्यांनी सुरेख शब्दांत केल्या होत्या, आज एकही आठवली नाही.

कुठून उत्तर आलं नाही. उजेड पडला नाही. पण फोनवर आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. लाईन तुटलेली असते तेव्हाची शांतता वेगळी, आणि पलीकडे माणूस आहे पण गप्प आहे तेव्हाची वेगळी. तो फरक कुणाला समजावता येत नाही, कानाला कळतो. ताईंना त्या अर्ध्या फरशीच्या खोलीत कळलं की लाईन चालू आहे. कुणीतरी आहे. त्यांनी जे सांगितलं ते ऐकलंय, आणि ऐकूनही फोन ठेवून दिलेला नाही. ते कुणीतरी रागावलेलं नव्हतं, आणि 'तुझी चूक नाही' असंही म्हणत नव्हतं. नुसतं जवळ होतं. लहानपणी ताप आला की आई उशाशी बसायची, न बोलता, तसं. इतकी वर्षं लोकांना त्या सांगत आल्या होत्या, घाबरू नका, मी इथंच आहे. ते आज त्यांच्याजवळ कुणी बसून म्हणत होतं.

फरशीवाला परत येईल की नाही हे अजून माहीत नव्हतं. तो माफ करेल की शिव्या देईल, तेही नाही. काहीच मिटलं नव्हतं. तरी खांदे खाली आले. त्या रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि रडता रडता पोत्यांवर कलंडल्या.

मास्तर शोधत आले तेव्हा दीड वाजून गेला होता. गळ्यात टेप तशीच. त्यांनी अकरा फोन केले होते आणि ताईंची पिशवी दाराशी पडलेली बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आत बघितलं तर बायको सिमेंटच्या पोत्यांवर तोंड उघडं टाकून घोरत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ताईंना दिवसा झोपलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. ते शेजारी जमिनीवर बसून राहिले.

"किती वाजले?" ताई दचकून उठल्या.

"दोनला दहा कमी. ऑफिसात मी सांगितलंय, तब्येत बरी नाही म्हणून."

"गॅस..."

"बंद आहे."

"तुमचं दुकान?"

"उघडंच टाकून आलोय. चोर आला तर अर्धवट शिवलेल्या पँटी नेईल. नेऊ दे, एका पायाच्या आहेत."

ताई हसल्या. सिमेंटने त्यांचा अर्धा गाल पांढरा झाला होता.

सोमवारी त्यांनी साहेबांच्या टेबलावर लेखी निवेदन ठेवलं. साहेबांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "ताई, फाईल चार वर्षांपूर्वी बंद झालीय. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मला झोप लागते आता," ताई म्हणाल्या. "तेव्हा लागत नव्हती. तुम्ही ते पुढे पाठवा."

साहेबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी पाठवलं. ताईंना ताकीद मिळाली आणि तीन महिने फोनवरून काढून पत्त्यांच्या यादीवर बसवलं. तिथे बसून त्यांनी गावातल्या सारख्या नावाच्या जागा शोधून काढल्या. दोन शाळा, तीन पाण्याच्या टाक्या, चार 'मोठे चौक'. संगणकवाल्यांच्या मागे लागून अशा ठिकाणी पडद्यावर आपोआप प्रश्न येईल अशी सोय करून घेतली. पाळीवर मोबाईल कपाटात ठेवायचा नियमही निघाला, त्यावरून निम्म्या मुली त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

फरशीवाला निघून गेल्यापासून नवव्या दिवशी परत आला. ताई फाटक उघडत होत्या तेव्हा तो पायरीवर बसलेला होता.

"काम अर्धं सोडून जाणारा माणूस नाही मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणून आलोय."

"या."

"माफ केलं वगैरे म्हणणार नाही. म्हणजे बघा, मला आज तसं वाटत नाहीये. उद्याचं माहीत नाही."

"तुम्ही म्हणावं म्हणून मी सांगितलं नाही."

"मग कशाला सांगितलं?" त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. डोळे लाल होते. "मी तुम्हाला चांगलं समजत होतो. चार वर्षांत तेवढी एकच गोष्ट चांगली होती त्या दिवसातली, तुमचा आवाज. तीही नेलीत."

ताई म्हणाल्या, "तिचं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं होतं. ती गोष्ट तुमची होती. मी लपवून ठेवली होती."

तो उठला, आत गेला. दगड झालेलं घमेलं उलटं करून आपटलं, दोनदा, तीनदा. जोर सिमेंटवर निघत होता की आणखी कशावर, कोण सांगणार. शेवटी गोळा सुटून पडला. मग तो पाठमोराच म्हणाला, "निकाल कशाचा होता?"

"लेकीचा. शेवटच्या परीक्षेचा."

"पास झाली?"

"झाली."

त्याने तो गोळा पायाने बाजूला सारला. "असू दे," म्हणाला, आणि गुडघ्यांना गाद्या बांधायला लागला.

फरशी एकूण बारा दिवसांच्या कामात पुरी झाली. त्या रविवारी खुर्च्या इतरांनी मांडल्या. दोन रांगा वाकड्या लागल्या, ताईंनी बघितल्या आणि तशाच राहू दिल्या. त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या. सगळं सरळ झालं असं नव्हे. गॅस बघायला त्या अजूनही उठत, पण एकदाच. काही दुपारी तो आवाजही येई. आला की त्या पळत नसत. डोळे मिटून म्हणत, "प्रभू, तू आहेस ना?" आणि कानाला कळेपर्यंत थांबत.

तीन महिन्यांनी ताई पुन्हा फोनवर बसू लागल्या, त्याच आठवड्यात चर्चच्या दाराजवळची एक फरशी पोकळ वाजतेय असं लक्षात आलं. पाळकांनी निरोप दिला. फरशीवाला लगेच आला, फरशी उचलून नव्याने बसवली. ताई किल्ली घ्यायला थांबल्या होत्या. दीड वाजला होता, त्यांना दोनला पोचायचं होतं. त्याने हात धुतले, पुसले, आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढला.

"तुम्ही तिला बघितलंच नव्हतं ना," तो म्हणाला.

फोटोत एक बाई दोरीवर चादर वाळत घालत होती. कुणीतरी हाक मारल्यामुळे वळून बघितलेलं, केस विस्कटलेले, चिमटा दातांत धरलेला, तरी हसू आवरत नव्हतं. ताई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"डावखुरी होती?" त्यांनी विचारलं. चिमट्यांची डबी डाव्या हाताच्या बाजूला टांगलेली होती.

"हो!" तो चमकला. "कसं ओळखलंत? कुणाच्या लक्षातच येत नाही. तिच्या आईने किती मारलं होतं त्यावरून, लहानपणी..."

तो पायरीवर बसला आणि सांगायला लागला. ताईंनी पिशवीतून फोन काढला, ऑफिसचा नंबर लावला.

"मी बोलतेय. आज मला अर्धा तास उशीर होईल. माझ्या जागी कुणाला तरी बसवा."

"काय झालं, ताई?" पलीकडून मुलीने घाबरून विचारलं. एकोणीस वर्षांत असा फोन आला नव्हता. "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. एक जण बोलतायत, त्यांचं ऐकतेय," ताई म्हणाल्या, आणि फोन बंद करून त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.